मोगरा दगड झाला, संत्रं उडालं: घरच्या साबणातल्या वासाच्या तक्रारी

गोव्यातल्या डिचोलीहून एका ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं. एक किलो तेलांचा कोल्ड प्रोसेस (न शिजवता केलेला) साबण: खोबरेल ४०० ग्रॅम, ऑलिव्ह ३००, कोकमचं तेल २००, एरंडेल १००. कॉस्टिक सोडा १४६ ग्रॅम, पाणी २९० ग्रॅम, तेल आणि लाय (सोड्याचं पाणी) दोन्ही साधारण ३० अंशांवर. त्यात अगरबत्तीचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेलं मोगऱ्याचं सुगंधी तेल ६० ग्रॅम घातलं आणि अर्ध्या मिनिटात सगळं पातेल्यातच थिजलं. ब्लेंडर उचलला तर पातेलंही वर आलं. त्याआधीच्या संत्र्याच्या साबणाचा वास महिन्याभरात गेला, व्हॅनिलाचा पांढरा साबण चॉकलेटी झाला, आणि आता पावसात सगळ्याच वड्यांवर थेंब येतात. गणेश चवथीला लोकांना द्यायचे आहेत. वास घालायचाच बंद करावा का?

बंद करू नका. पण तक्रारी चार आहेत आणि चारांची कारणं वेगळी. वास हा साबणातला शेवटी शिंपडायचा अत्तराचा थेंब नाही. एका बाटलीत वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त रसायनं असतात. ती तुम्ही ताज्या लायमध्ये ओतता, म्हणजे ज्या द्रावणात तेलाचं साबण होतं त्याच द्रावणात. त्यातली काही लायशी भिडतात, काही तुटतात, काही उडून जातात, काही निवांत बसून राहतात. म्हणून कुठल्याही बिघाडात पहिला प्रश्न एकच: हे वासामुळे झालं की वास नसता तरी झालं असतं? याचं उत्तर त्याच घाणीतून (म्हणजे एका वेळी केलेल्या साबणातून) बाजूला काढलेली बिनवासाची एक वडी देते. यापुढे प्रत्येक वेळी वास घालण्याआधी एक कपभर बॅटर (तेल आणि लायचं ओलं मिश्रण) काढून वेगळं ओता. फुकटचा साक्षीदार आहे.

मोगरा का थिजला

तुमच्या बाबतीत तीन संशयित आहेत आणि बहुतेक तिघांनी मिळून काम केलंय.

पहिला कोकमचं तेल. ते वितळतं ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान. आपल्याकडे खोबरेल बारा महिने पातळ असतं (ते २४-२५ अंशांना वितळतं), त्यामुळे ३० अंश म्हणजे 'सगळं पातळच आहे' असं वाटतं. पण वितळवलेलं कोकमचं तेल त्या तापमानाला पुन्हा गोठायला लागतं आणि बॅटर घट्ट दिसतं. हा खोटा ट्रेस (ट्रेस म्हणजे तेल आणि लाय एकजीव होऊन बॅटर दाट होणं). साबण झालेला नसतो, चरबी फक्त गोठलेली असते. २०० ग्रॅम म्हणजे २० टक्के कोकम असताना दोन्ही भांडी ४० ते ४३ अंशांवर हवीत. त्याहून थंड काम करायचं असेल तर कोकम १० टक्क्यांच्या आत ठेवा.

खरा आणि खोटा ट्रेस ओळखायला एक स्टीलचा चमचा पुरतो. घट्ट झालेलं बॅटर चमच्यात घ्या आणि चमच्याचा तळ गरम पाण्यावर दोन मिनिटं धरा. कडेने पातळ होऊन तेलाची रेघ सुटली तर दोष कोकमचा. तसंच घट्ट राहिलं, उलट पातेल्यातलं बॅटर हाताला आधीपेक्षा गरम लागायला लागलं, तर वास लायला पळवतोय. खोटा ट्रेस दिसायलाही वेगळा असतो: मंद, रवाळ, तकतकी नसलेला. वासाने थिजलेला गोळा चकचकीत आणि ताणलेला दिसतो.

दुसरा संशयित ते तेलच. अगरबत्तीचं तेल जळण्यासाठी बनवलेलं असतं, त्वचेला लागण्यासाठी नाही. त्यात स्वस्त द्रावक भरपूर असतो आणि तो कुठला हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. अल्कोहोल किंवा ग्लायकॉल असला तर तेल आणि लाय झटकन एकमेकांत मिसळतात आणि ट्रेस धावत येतो. लिक्विड पॅराफिन असलं तर उलटी कटकट. त्याचा साबण होतच नाही आणि ते पुढे वडीतून पाझरत राहतं. कपड्यांवर मारायचा स्प्रे परफ्यूमही याच कारणाने बाद, त्यात बहुतांश अल्कोहोलच असतं. अत्तराचंही तेच: चंदनतेलावर ओढलेलं खरं अत्तर साबणात घालणं परवडत नाही, आणि परवडतं ते कशावर ओढलंय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

तिसरा म्हणजे मोगराच. फुलांचे आणि मसाल्यांचे वास बॅटर घट्ट करण्यासाठी बदनाम आहेत. लवंग, दालचिनीची पानं, ऑलस्पाइस यांतलं युजेनॉल हे फिनॉल आहे, ते लायशी थेट बांधलं जातं आणि साबण होण्याचा वेग वाढवतं. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागेतून लवंगेचं तेल आणून 'नैसर्गिक आहे, काही होणार नाही' म्हणत ओतणाऱ्यांच्या हातात गोळाच येतो. नैसर्गिक असण्याचा इथे काडीचा संबंध नाही.

त्यात ६० ग्रॅम हे प्रमाण दुप्पट आहे. तेलांच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे किलोला ३० ग्रॅम, हे फ्रेग्रन्स ऑइलचं (तयार केलेल्या सुगंधी तेलाचं) नेहमीचं माप. इसेन्शियल ऑइल (वनस्पतीतून काढलेलं) २ ते ३ टक्के, लवंगेसारखं तिखट असेल तर अर्ध्या टक्क्याच्या वर जायचं कारण नाही. इथे एक गफलत कायम होते. पुरवठादार जो इफ्राचा (सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचा) दाखला देतो त्यात लिहिलेली कमाल टक्केवारी तयार साबणाच्या वजनावर असते, तेलाच्या वजनावर नाही. साबणाच्या वडीसाठी त्यातला वर्ग ९ बघायचा. तुमच्या घाणीचं ओलं वजन १००० + १४६ + २९० + ६० म्हणजे १४९६ ग्रॅम. त्यात ६० ग्रॅम म्हणजे ४ टक्के, आणि पाणी सुकल्यावर त्याहून जास्त. दाखल्यात २.५ टक्के मर्यादा असलेलं तेल असतं तर तुम्ही ती केव्हाच ओलांडली असती. या तेलाला दाखलाच नाही, त्यामुळे मर्यादा कळायचीही सोय नाही.

थिजलं तर काय करायचं

टाकून देऊ नका. त्यात सोडा आणि तेल मापात आहे, फक्त साच्यात जायला वेळ मिळाला नाही. अजून चमचा शिरत असेल तर ब्लेंडर काढा, चमच्याने साच्यात दाबून भरा, साचा टेबलावर चार वेळा आपटा. पोकळ्या राहतील, दिसायला ओबडधोबड होईल, पण साबण चांगला असेल.

चमचाही शिरत नसेल तर शिजवा. गोळा लाकडी उलथण्याने फोडा, स्टीलचं पातेलं मोठ्या तोपातल्या पाण्यात ठेवा (ॲल्युमिनियमचं चालणार नाही, लाय त्याला खाते आणि हायड्रोजन सुटतो), झाकण लावा आणि मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी हलवा. आधी कडा पाघळतील, मग मधला भाग, आणि शेवटी सगळं उकडून कुस्करलेल्या रताळ्यासारखं, किंचित पारदर्शक दिसेल. फार कोरडं वाटलं तर टेबलस्पूनभर गरम पाणी. मग साच्यात दाबून भरा. हातमोजे आणि चष्मा शेवटपर्यंत ठेवा. शिजणारं बॅटर उडतं तेव्हा चटका आणि लाय दोन्ही एकदम लागतात. वास बहुतेक टिकतो, वरची ताजी नोट थोडी मरते. तुमचा अगरबत्ती-मोगऱ्याचा गोळा मात्र शिजवला तरी अंगाला लावायला देऊ नका. पायपुसण्या आणि फरशीला ठेवा.

दगड होण्याची दोन भावंडं आहेत. कण्या पडणं म्हणजे बॅटरमध्ये तांदळाच्या कण्यांसारखे बारीक पांढरे दाणे दिसणं. वासातला एखादा घटक कडक चरबीला धरून गोळ्या करतो. ब्लेंडर दहा-पंधरा सेकंद परत फिरवला की बहुतेक वेळा कण्या मोडतात. आणि फाटणं: दूध नासावं तसं बॅटर फुटतं, वर तेल तरंगतं. इथे घाबरून साच्यात ओतू नका. ब्लेंडरने परत एकजीव करा, जमलं नाही तर वर सांगितल्याप्रमाणे शिजवा. फाटलेलं तसंच ओतलं तर वडीत एका जागी नुसतं तेल आणि दुसऱ्या जागी नुसती लाय राहते. अशी वडी हाताला लागणं धोक्याचं.

पुढच्या वेळी वास धावरा (बॅटर झटकन घट्ट करणारा) आहे असं माहीत असेल तर पाणी वाढवा. १४६ ग्रॅम सोड्याला २९० ग्रॅम पाणी म्हणजे लाय साधारण ३३ टक्क्यांची. ती २८ टक्क्यांवर आणायला ३७५ ग्रॅम पाणी घ्या. वास लाय घालण्याआधी तेलातच मिसळून टाका, म्हणजे तो एका जागी लायवर तुटून पडत नाही (मग त्या घाणीतून बिनवासाची साक्षीदार वडी मात्र निघत नाही). ब्लेंडर फक्त दोन-तीन वेळा, पाच-पाच सेकंद. तेल आणि लाय एकरंग दिसले की थांबा, उरलेलं हाताने ढवळा. साचा आधीच मांडून ठेवा. आणि अशा घाणीत रंगांची नक्षी काढायचा हट्ट सोडा. धावरा वास आणि चार रंगांची वेलबुट्टी यांचं जमत नाही, कितीही हातखंडा असला तरी.

संत्रं गेलं कुठे

उडून गेलं. संत्रं, लिंबू, मोसंबी यांच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं आणि ते हलकं, हवेत सहज जाणारं. चार-सहा आठवडे वड्या फळीवर सुकत असतात तेव्हा पाण्याबरोबर तेही निघून जातं. बाटलीवरच्या फ्लॅश पॉइंटचा याच्याशी संबंध नाही. 'फ्लॅश पॉइंट ५० अंश आहे, बॅटर ५५ झालं म्हणून वास जळला' असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक. फ्लॅश पॉइंट म्हणजे त्या तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. ती माहिती साठवणीसाठी आणि वाहतुकीसाठी आहे, वास किती टिकेल हे सांगण्यासाठी नाही.

सगळेच वास उडून जात नाहीत, काही तुटतात. मोगऱ्यातलं बेन्झिल ॲसिटेट, लॅव्हेंडरमधलं लिनालिल ॲसिटेट, विंटरग्रीनमधलं मिथिल सॅलिसिलेट ही एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनलेली रसायनं) आहेत. तेलसुद्धा एस्टरच असतं, म्हणून लाय त्यांनाही थोडंफार तोडते. बाटलीत गोड वाटणारा मोगरा साबणात सपाट, हिरवट वाटतो तो त्यामुळे. चांगला पुरवठादार साबणासाठीच्या मिश्रणात अशी द्रव्यं कमी ठेवतो आणि क्षारात टिकणारी घालतो. म्हणून 'कोल्ड प्रोसेसमध्ये तपासलेलं आहे का?' हा प्रश्न विचारूनच तेल घ्यायचं.

आधी खात्री करा की वास खरंच गेलाय. सहा आठवडे त्याच खोलीत वावरणाऱ्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं आणि तो येईनासा होतो. वडी सुरीने मधोमध कापा. ताजा काप नाकाशी धरला आणि वास आला, तर फक्त वरचा थर उडालाय. वापरायला काढल्यावर पहिल्या दोन धुण्यांत तो परत येईल. कापावरही नाही आला तर अर्धी वडी कोमट पाण्यात हातावर फेस करून शेजारणीला द्या. तिलाही नाही आला तर गेला.

उपाय म्हणून जास्त संत्रं ओतू नका, ते जास्त उडेल. साध्या तेलाऐवजी दहापट घट्ट केलेलं, म्हणजे हलका भाग काढून टाकलेलं संत्रातेल घ्या आणि त्याला खाली धरून ठेवणारे जड वास जोडा. किलो तेलांना चालणारं एक मिश्रण: दहापट संत्रं १५ ग्रॅम, लेमनग्रास ६, देवदार ६, पचौली ३. लेमनग्रास म्हणजे आपल्या परसातल्या गवती चहाच्या कुळातलं; त्याचा लिंबाळ वास साबणात खऱ्या लिंबापेक्षा कितीतरी पट टिकतो. पचौली ३ ग्रॅमच्या वर नेली तर संत्रं मागे पडून साबण जुन्या कपाटासारखा वास मारतो. वाळा सुंदर टिकतो आणि गोव्यातल्या लोकांना ओळखीचाही आहे, फक्त महाग पडतो.

पांढरी माती किंवा कॉर्नफ्लॉवर घातलं की वास धरून ठेवतं असं सगळे सांगतात. वास त्यात आधी कालवून मग घातला तर थोडा फरक पडत असेलही, पण उडणारं संत्रं मातीने अडत नाही. माती घालायची तर साबणाच्या स्पर्शासाठी घाला.

फुलांबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण गोव्यात हा मोह फार. सुरंगी, मोगरा, ओवळां (बकुळीची फुलं) भिजवलेलं तेल किंवा पाणी साबणात घातलं तर त्यांचा वास साबणात येत नाही. पाकळ्या तपकिरी होतात आणि वर ओल्या पाचोळ्याचा वास राहतो. वळेसर (फुलांचा गजरा) केसांतच माळावा. फेणीचंही तेच. साबणात घालायची तर आधी उकळून अल्कोहोल घालवावं लागतं. न उकळता त्यात सोडा टाकला तर भांड्यातून फसफसून बाहेर येते. आणि इतकं करून काजूचा तो वास उरतच नाही. लेबलावर 'फेणी' लिहायची हौस भागते, एवढंच.

चॉकलेटी व्हॅनिला

व्हॅनिलीन क्षारात आणि हवेत तपकिरी होतं. याला इलाज नाही, फक्त अंदाज आहे. बाटलीबरोबर व्हॅनिलीनचं प्रमाण विचारून घ्या: एक टक्क्याच्या आसपास असेल तर साबण बदामी होतो, पाच-दहा टक्के असेल तर चॉकलेटी. रंग एका दिवसात येत नाही. कापल्यावर पांढरी दिसणारी वडी कडेकडून आत तीन-चार आठवडे गडद होत जाते. टायटॅनियम डायऑक्साइडने छटा थोडी उजळते, पांढरी होत नाही. व्हॅनिला स्टॅबिलायझर म्हणून जे विकतात ते मेल्ट-अँड-पोर (तयार, फक्त वितळवून ओतायच्या) साबणात काही काळ चालतं, कोल्ड प्रोसेसमध्ये त्यावर पैसे घालवू नका. अर्ध्या बॅटरमध्ये वास घालून अर्धं पांढरं ठेवायची युक्ती छान दिसते, पण सीमेवर तपकिरी रंग महिन्या-दोन महिन्यांत पांढऱ्यात झिरपतो. त्यापेक्षा तोच साबण मुळात कॉफीचा म्हणून करा.

मोगरा-जाईच्या तेलांनीही पिवळा, गुलाबी-तपकिरी रंग चढू शकतो. त्यांतलं इंडोल आणि मिथिल ॲन्थ्रानिलेट याला कारण. वडीच्या मधोमध गडद गोल आणि कडा फिकट असतील तर तो वास नव्हे, साबण अर्धवट जेल (उष्णतेने मऊ, अर्धपारदर्शक) झालेला आहे. मधला भाग तापला, कडा थंड राहिल्या. ते फक्त दिसण्यापुरतं.

नारिंगी ठिपके मात्र वेगळे, आणि ते वासावर ढकलू नका. ठिपक्याला नाक लावा: जुन्या तळणाच्या तेलाचा किंवा मेणखडूचा वास येत असेल तर तेल खवट झालंय. घरी नारळाच्या दुधाचं काढलेलं तेल नीट गाळलं नसेल, त्यात पाण्याचा अंश राहिला असेल, तर त्याचा स्वतःचा वास पुढे येतो आणि कुठल्याही सुगंधावर मात करतो. वड्या लोखंडी जाळीवर सुकवल्या तरी ठिपके येतात. सुपरफॅट (साबण न होता उरणारं तेल) ५ टक्क्यांवर ठेवा, डिस्टिल्ड पाणी वापरा, आणि किलो तेलांना १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड लायसाठी घेतलेल्या साध्या पाण्यात आधी विरघळवून मग सोडा घाला. ते ॲसिड सोडा खातं, म्हणून नेहमीच्या स्फटिकी (मोनोहायड्रेट) सायट्रिक ॲसिडच्या १० ग्रॅमला ५.७ ग्रॅम सोडा वरून मोजून घ्यायचा. हा हिशेब विसरलात तर सुपरफॅट नकळत वाढतो आणि ज्यासाठी ॲसिड घातलं तेच होतं.

सोड्याचीही पावसाळ्यातली खोड लक्षात ठेवा. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढतो. जुलैत डबा उघडा राहिला तर दाणे थोड्याच वेळात ओलसर चकाकायला लागतात, नंतर एकमेकांना चिकटतात. तुम्ही १४६ ग्रॅम मोजता, पण त्यात काही ग्रॅम पाणीच असतं. सोडा कमी पडला की तेल जास्त उरतं, साबण मऊ आणि तेलकट होतो, लवकर खवटतो. मग 'नवीन वासाने साबण बिघडवला' असं वाटतं. डबा मोजण्यापुरता उघडा, लगेच घट्ट लावा, गोळे झालेला सोडा साबणाला वापरू नका.

थेंब कसले आहेत

टिश्यूचा तुकडा घ्या, थेंबावर टेकवा, पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. डाग सुकून नाहीसा झाला तर ते पाणी आहे. साबणातलं ग्लिसरीन गोव्याच्या दमट हवेतून पाणी ओढतं, मीठ पावसात पाझरतं तसं. साबणात काही बिघाड नाही. पुसा, हवा लागू द्या. टिश्यूवर तेलकट पारदर्शक डाग राहिला आणि त्याला वास आला तर सुगंधी तेल बाहेर येतंय: एकतर जास्त पडलंय, नाहीतर त्यातला द्रावक साबणात मिसळत नाही. वड्या आठवडाभर तशाच ठेवल्या तर थोडं तेल परत शोषलं जातं, पण बिनवासाची साक्षीदार वडी कोरडी असेल तर बाटलीच बदला. डाग ना पाण्याचा ना तेलाचा आणि थेंबाखाली वडी ठिसूळ, पांढरी, खडूसारखी असेल तर लाय सुटलीय. फिनॉल्फ्थॅलीनचा (क्षार दाखवणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकून गडद गुलाबी झालं तर ती वडी कुणाला देऊ नका.

तुमचे 'सगळ्याच वड्यांवर' आहेत, वास असलेल्या आणि नसलेल्या, म्हणून पैज पाण्यावर.

नवीन बाटली आली की

पुढची बाटली किलोच्या घाणीत ओतण्याआधी छोटी चाचणी करा. ऑलिव्ह १८० ग्रॅम (पोमेस, म्हणजे चोथ्यातून काढलेलं, नको, ते मुळातच जलद घट्ट होतं), खोबरेल ९०, एरंडेल ३०. कॉस्टिक सोडा ४२.४ ग्रॅम, पाणी १०९ ग्रॅम. इतक्या कमी मापाला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, स्वयंपाकघरातला नाही चालणार. सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यात कधीच नाही. दोन्ही ३५ अंशांवर आल्यावर एकजीव होईपर्यंतच ब्लेंडर फिरवा आणि तीन कपांत प्रत्येकी साधारण १५० ग्रॅम बॅटर ओता. पहिला कप बिनवासाचा. दुसऱ्यात वास १.५ ग्रॅम, तिसऱ्यात ३ ग्रॅम. प्रत्येक कपात १०० ग्रॅम तेल आहे, त्यामुळे ग्रॅम म्हणजेच टक्के.

घड्याळ लावून दोन, पाच आणि दहा मिनिटांनी चमच्याने हलवून बघा आणि कपावरच मार्करने लिहा: पातळ, ट्रेस, कण्या, फाटलं, थिजलं. तिन्ही कप एकाच वेगाने घट्ट झाले तर वास निर्दोष. फक्त तिसरा धावला तर दीड टक्क्यावर चालेल. मग रंग आणि वास दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने बघा. हे सगळं करायला ३०० ग्रॅम तेल जातं. थिजलेल्या एक किलोपेक्षा ते स्वस्तच आहे.

बाटल्या प्लास्टिकच्या नको, गडद काचेच्या हव्यात, गॅसच्या ओट्यापासून लांब. उघडलेलं संत्रं-लिंबू सहा महिन्यांत संपवा; ते हवेने ऑक्सिडाइज होतं, वास टर्पेंटाइनसारखा होतो आणि त्वचेला जास्त टोचतं.

राहिली चवथ. पावसाळ्यात चार आठवड्यांचं क्युअरिंग (वड्या सुकत ठेवणं) पुरत नाही, सहा ते आठ धरा. म्हणजे सप्टेंबरच्या चवथीला द्यायचे साबण जुलैच्या पहिल्या आठवड्यात साच्यात असले पाहिजेत, आणि चवथ ऑगस्टच्या शेवटी येणाऱ्या वर्षी जूनच्या मध्यावर. वड्या बंद खोलीत, टेबलफॅन मंद फिरवत, लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, बोटभर अंतर सोडून मांडा. वेगवेगळे वास वेगळ्या फळ्यांवर, आणि डांबर गोळ्या असलेल्या कपाटात तर अजिबात नाही. गुंडाळायला प्लास्टिक नको. आत थेंब साचतात. ब्राऊन पेपरची पट्टी लावा, दोन्ही टोकं उघडी सोडा, म्हणजे घेणाऱ्याला नाकाशी धरून बघताही येईल. यंदा वेळ कमी असेल तर मोगरा सोडा आणि वर दिलेलं संत्रं-लेमनग्रासचं मिश्रण घ्या. ते सहसा धावत नाही, साबणाला फक्त फिकट पिवळसर छटा देतं. पण कोकम २०० ग्रॅमच ठेवणार असाल तर भांडी ४० अंशांवर, हे विसरू नका.